पांगाऱ्याची फांदी

दिशा,

उठलीस की डोळे मिट आणि एक घर बघ. घराला खेटून तीन पांगारे आहेत, काटेरी आणि ठिसूळ, वारा सुटला की कौलं फोडणारे. ते तोडायला मुंबईहून काका, आत्या, भावंडं आली आहेत, काल तुम्ही सगळे जमलात तशीच. कुणी दोर ओढतंय, कुणी ओरडतंय, "अगो, बाजूला हो, डोक्यात पडेल!"

मी करवत परत द्यायला मिरजोळ्याला जाते आहे. तुमची गाडी निघेपर्यंत माझं येणं व्हायचं नाही. घावनांचं पीठ झाकून ठेवलंय, आईला सांग. बाबाला उठवू नकोस, काल फार दमला. झाडं गेली, आता दर मे महिन्यात फांद्या छाटण्यासाठी धावत यायला नको, असं तो जेवताना म्हणाला. खरंच आहे ते.

गोष्ट राहिली. त्या घरात तुझ्याएवढी मुलगी होती. पाहुण्यांची एसटी वळणापलीकडे गेली आणि तिला अंगण फार मोठं वाटलं. पांगाऱ्याची फांदी नुसती रोवली तरी जगते, हे तिला ठाऊक होतं. तिने पाचोळ्यातून एक हिरवी फांदी उचलली आणि घराच्या अगदी भिंतीलगत रोवली.

तुझी आजी