निधनवार्तेची शेवटची ओळ

मंगळवार, संध्याकाळ. कोथरूड.

देशपांडेसर काल गेले. नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी शिकवलं होतं, मथळ्याखालचा पहिला परिच्छेद म्हणजे इंट्रो. महत्त्वाचं सगळं त्यात. जागा कमी पडली, तर बातमी खालून कापायची.

काल त्यांचीच निधनवार्ता मी लावली. ऐनवेळी कॉम्प्युटर क्लासची जाहिरात आली. शेवटची ओळ कापली. हात अडखळलासुद्धा नाही.

आज सरांच्या घरी भेटायला गेले, तर काकूंनी पेपरच पुढे केला. "अगं, यात मी कुठाय?"

'त्यांच्या पश्चात पत्नी आहे.' तीच ती शेवटची ओळ. निधनवार्तेत ती शेवटीच असते, हे मला माहीत नव्हतं का?

ती ओळ मीच कापली, हे सांगताना मला रडू फुटलं. काकू म्हणाल्या, "असू दे गं. त्यांनी तरी काय, हीच कापली असती."