चावी सत्तारकडे असते

सुपा, ता. पारनेर
२३ सप्टेंबर २०२५

चि. भीमराज यास,
वृषालीअक्काचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

परवापासून तुझा फोन लागत नाही, बापूंचा लागत नाही, शेजारच्या मुक्ताबाईंचाही नाही. टॉवर पडला असं म्हणतात. टीव्हीवर सारखी सीना दाखवतायत, पण दाखवतात ते दुसऱ्याच कुणाचं गाव. माझा जीव टांगणीला लागलाय. पायाला प्लास्टर नसतं तर एव्हाना चालत निघाले असते. कंपनीच्या जिन्यावरून पडायला मला हाच महिना सापडला.

इकडे नुसती झड लागली आहे. खोलीत दोन जागी गळतं, बादल्या लावून भागतं. तुमच्याकडे बादल्यांचं काम नाही हे कळतं मला. गेल्या महिन्यात तू फोनवर कुरकुरत होतास की यंदा नदी भरून वाहतेय आणि सगळं पाणी सोलापूरला चाललंय, आपण काठावर बसून नुसतं बघायचं. मी हसले होते. दर जानेवारीत टँकरमागे पळणारा माणूस, तो वाहतं पाणी बघून हळहळणारच. आता पोटभर बघ म्हणावं.

आपल्या वस्तीवरचा सुनील आज दुधाचा टेम्पो घेऊन इथल्या डेअरीवर आला होता. त्यालाही वस्तीवर जाता आलं नव्हतं, अलीकडच्या गावांचं दूध घेऊन आलाय. उद्या पाणी उतरलं तर जाईन म्हणाला, म्हणून हे पत्र त्याच्याजवळ देते. दोन ओळी का होईना, लगेच लिही. आईच्या गुडघ्यांचं काय, शेळ्या कुठे बांधल्यात, बापू नदी बघायला काठावर जाऊन उभे राहत नाहीत ना, सगळं लिही.

सगळ्यांवर माझी माया आहेच. तुमचीही माझ्यावर असू द्या, जरा जास्तच, कारण मी इथे एकटी बसून नखं खातेय.

तुझी अक्का


खडकवस्ती, ता. कर्जत
२४ सप्टेंबर

ति. अक्कास,
भीमराजचा जयभीम. वि. वि.

अक्का, बापू गेले. हे वाक्य मी चार वेळा लिहून खोडलं, म्हणून कागद असा दिसतोय.

सोमवारी सकाळी नदीने बंधाऱ्याचा आपल्या बाजूचा भराव फोडला. बंधाऱ्याची पाणी अडवायची लोखंडी दारं खाली टाकलेली होती. पावसाळा संपून ऑक्टोबर अर्धा होईपर्यंत ती टाकायची नाहीत असा नियम आहे, पण ती टाकलेली होती. वरून झाडं आली, कडबा आला, मेलेली गुरं आली, सगळं दारांना अडकलं. पाणी तुंबलं आणि बाजूची माती खाऊन सरळ वस्तीत घुसलं. लंकाबाईच्या घराची भिंत माझ्या डोळ्यांदेखत उभीच्या उभी पुढे सरकली आणि मग पडली. आपल्या शेळ्या खुंट्याला बांधलेल्या तशाच बुडाल्या. पाणी ओसरल्यावर बघितलं तर दाव्यांनी गळे कापले होते.

बापू दारं काढायला गेले होते. भराव फुटला तेव्हा ते त्याच्यावरच उभे होते. काल दुपारी तीन कोस खाली बाभळीत सापडले. अंगावर चिंधी नव्हती. तोंड दगडांनी इतकं फोडलं होतं की मी डाव्या हाताच्या तुटक्या करंगळीवरून ओळखले. तुझ्यासाठी ठेवण्यासारखी अवस्था नव्हती. लगेच अग्नी दिला. लाकडं ओली, पेटेनात, शेवटी टायर घालावे लागले. तू हे वाचून मला शिव्या दे.

आई जिवंत आहे. बरगडीला मार लागलाय. आम्ही समाजमंदिरात आहोत.

लोक एकच विचारतायत की दारं टाकली कुणी. पावसाळ्यात दारं ठेवतात त्या खोलीला कुलूप असतं आणि चावी सत्तारकडे असते. तोच बंधाऱ्याचा राखणदार, हे तुला सांगायला नको. मी लोकांना एवढंच सांगितलं.

बापूंच्या माघारी तुझाच आधार आहे. तो तसाच राहू दे.

तुझा भीमराज


सुपा
२५ सप्टेंबर

चि. भीमराज यास,
जयभीम व आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तोंडात पदर कोंबून रडले. मग रडू थांबलं आणि अंगाची आग आग झाली. माझ्या बापाला टायर घालून जाळावं लागलं, आणि तो सत्तार गावात भाकरी खातोय. तीस वर्षं बापूंच्या चंचीतली तंबाखू खाल्ली त्याने. त्याला माणूस म्हणायचं का.

सुनील टेम्पो लावून खाली उभा होता. त्याला वर बोलावलं आणि तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. तो पांढराफटक पडला. मी त्याला सांगितलं की पोलीस, पंचनामा नंतर बघू, आधी त्या माणसाचे हात मोडा. ज्या हातांनी दारं टाकली तेच. हे मी रागाने बोलले, पण विचार करून बोलले, आणि तुला लिहितानाही एक अक्षर खोडत नाही. माझा पाय धड असता तर मीच आले असते.

आईला जप. तिला एकटी सोडू नकोस.

माझी माया तुमच्यापाशीच आहे, राग तेवढा दुसरीकडे पाठवते आहे.

अक्का


खडकवस्ती
२६ सप्टेंबर

चि. वृषालीस,
आईचा जयभीम.

हे मुक्ताबाई लिवून घेतीया. अंगनवाडीची बाई हाय, सारखी शुद्ध कराया बघती. मी सांगते तसंच लिव म्हनलं.

काल सांच्याला सुनील आन् आनखी चौघं सत्तारच्या दारात आले. सत्तार जेवत हुता. ताटावरनं वढला. लोखंडी पाईपानं त्याचे दोनी हात मोडले. वाळली काटकी मोडावी तसा आवाज झाला, मी समाजमंदिराच्या पायरीवरनं ऐकला. त्यानं काई बोलाया तोंड उघडलं तर सुनीलनं त्याचं तोंड चिखलात दाबून धरलं. मी बरगडी धरून तशीच पळाले, मधी पडले. तर सुनील मला म्हनतो, मावशी बाजूला व्हा, वृषालीअक्काचा निरोप हाय.

तुझा निरोप, वृषाली. मी तुला असं वाढीवलं व्हय.

तुला कुनी खरं सांगितलं न्हाई असं दिसतंय, म्हनून आता ऐक. सत्तार पंधरा दिस गावातच नव्हता. त्याच्या लेकीचं, फलकचं बाळंतपन नगरला हुतं, तिथं दवाखान्यात हुता. रविवारी आला, दारं टाकल्याली बघितली आन् कपाळ धरून बसला. सोमवारी उजाडायला त्यानंच तुझ्या बापूंला उठिवलं. दोघं साखळी घिऊन दारं वढाया गेले. दोन निघाली. तिसऱ्याला भराव फुटला.

तुझे बापू खाली गेले. सत्तारला पान्यानं फिरवून वस्तीत आनून टाकला. मी लिंबाला धरून हुते, हात सुटत चालला हुता. त्यानं माझे केस धरले, लुगड्याचा पदर फांदीला बांधला आन् दुपारपातूर मला धरून ठेवलं. डोळ्याम्होरं शेळ्या वरडत बुडाल्या, मेल्याली म्हस अंगाला घासून गेली, पन त्यानं हात सोडला न्हाई. तेच हात मोडले तुमी.

मी भीमराजला इचारलं, सत्तार नगरला हुता तर मंग चावी कुनी न्हेली. तो पुढ्यातलं ताट टाकून उठून गेला. तुला ठावं आसंल तर मला सांग.

सत्तारला नगरला न्हेलाय. लेक हायेस म्हनून माया हाय. पन आज तुझ्यावर राग लई हाय, तो कमी कराया सांगू नको.

आई (विमलबाई)
अंगठ्याजवळ सही मुक्ताबाईची


सुपा
२८ सप्टेंबर

भीमराज,
जयभीम.

आईचं पत्र दुसऱ्याच ड्रायव्हरने आणून दिलं. सुनील टेम्पो सोडून पळालाय म्हणे. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली आणि सुळी मी उभारली.

टॉवर कालपासून चालू आहे. तुझा फोन वाजतो, तू उचलत नाहीस. म्हणून कागदावर विचारते. सत्तारचाचा नगरला असताना चावी कुणी नेली. आडवळणाने लिहू नकोस.

अक्का


खडकवस्ती
२९ सप्टेंबर

ति. अक्कास,
जयभीम. वि. वि.

मी नेली.

फोन उचलत नाही कारण घरात तो एकच वाचलाय आणि आईच्या उशाशी असतो. तिच्यासमोर मला हे बोलता येणार नाही.

दहा तारखेला सत्तारच्या घरी गेलो. मेहताबचाचींना म्हणालो की दारांना ऑइल लावायचंय, चाचांनीच सांगितलंय. त्यांनी चावी दिली, वर चहा दिला. सुनीलच्या टेम्पोतून दारं बंधाऱ्यावर नेली. मी आणि सुनील, दोघांनीच टाकली. त्याचाही काठाला कांदा आहे. नदी उतरायला लागली होती, अक्का. आता पाऊस संपला असंच वाटलं. दर साली डोळ्यांसमोरून पाणी जातं आणि चार महिन्यांत लिंबोणीची झाडं उभी वाळतात. या वर्षी ते अडवायचं एवढंच डोक्यात होतं. मला कुणाचा जीव घ्यायचा नव्हता.

बापूंना कळलं होतं. सोमवारी सकाळी चाचांनी हाक मारली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं की तूच का. मी मान खाली घातली. चपला घातल्या आणि गेले. मी मागून गेलो नाही. लोकांनी मला तिथे बघितलं तर समजेल असं वाटलं. मी गेलो असतो तर तिघांच्या जोराने तिसरं दार निघालं असतं का, हा विचार माझं डोकं पोखरतोय.

मी खोटं बोललो नाही. चावी सत्तारकडे असते, एवढंच म्हणालो. पुढचं लोकांनी जोडलं.

हात जोडतो, आईला सांगू नकोस. ती मला जवळ बसू देणार नाही. हे पत्र वाचून जाळून टाक. तुझ्याशिवाय मला कुणी नाही.

तुझा भीमराज


सुपा
२ ऑक्टोबर

चि. भीमराज यास,
जयभीम.

पत्र जाळलं नाही.

परवा रिक्षा करून नगरला दवाखान्यात गेले. सत्तारचाचांचे दोन्ही हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये आहेत. नाक फुटलंय, एक डोळा मिटलेला आहे. फलक एका मांडीवर दहा-बारा दिवसांचं पोर घेऊन त्यांना चमच्याने पेज भरवत होती. मी तिथेच उभी राहून तुझं पत्र पहिल्या ओळीपासून वाचलं.

त्यांना सगळं माहीत होतं. मेहताबचाचींनी त्यांना रविवारी परत आल्या आल्याच सांगितलं होतं. आईने एका आठवड्यात नवराही गमवावा आणि पोरगाही, हे त्यांना बघवेना, म्हणून गप्प राहिले. मार बसायला लागला तेव्हा तुझं नाव घ्यायला त्यांनी तोंड उघडलं, आणि ते नाव बाहेर पडायच्या आत सुनीलने चिखलात दाबलं. ज्याच्यासमोर मी तुझं पत्र वाचून रडले, त्यालाच मी साक्षीदार मारायला पाठवलं होतं. मी पायाला हात लावायला वाकले तर चाचांनी पाय मागे घेतला. पुन्हा येऊ नको म्हणाले. फलकने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांचं बरोबर आहे.

भीम्या, तू खोटं बोललो नाही असं लिहितोस. आपण दोघांनी खोटं न बोलण्याचं चौथं शील बापूंच्या मांडीवर बसून पाठ केलं. त्यात खरं बोलून दुसऱ्याला मारायची सवलत कुठे होती ते मला दाखव. तुझी चूक काय ती मला कळते. पाण्यासाठी जन्मभर तोंड वासून बसलेला माणूस नदी दिसली की वेडा होतो, त्याबद्दल मी तुला एक शब्द बोलले नसते. पण बापू गेल्यावर तू सत्तारचाचांचं नाव पुढे केलंस, आणि मी न विचारता ते उचललं. हे दोन हात आपण दोघांनी मोडलेत.

आज पोलीस ठाण्यात जाऊन तुझं पत्र दिलं. हात मोडा असा निरोप मी दिला होता, हेही जबाबात लिहून सही केली. साहेबांनी दोनदा विचारलं की बाई, हे नीट वाचलंत ना. माझं पंचवीस तारखेचं पत्र तुझ्याकडे आहे. ते फाडू नकोस, माझ्यावरचा पुरावा आहे तो, तूच त्यांच्या हातात दे.

आईला मी काही कळवलेलं नाही. ते माझं काम नाही. हे पत्र उद्या सकाळच्या टेम्पोने तुला मिळेल आणि पोलीस दुपारपर्यंत येतील. मध्ये तुला चार-पाच तास आहेत. लोकांकडून तिला कळलं तर तिचा मुलगा त्याच दिवशी मेला असं समज. तिच्यासमोर जाऊन बस आणि सगळं सांग. बापूंनी विचारलं तेव्हा मान खाली घातलीस, आता घालू नकोस. ती मारेल. मारू दे.

तुझ्यावरची माया मला उपटून टाकता आली नाही. पुष्कळ प्रयत्न केला. मला सोडलं तर दर भेटीच्या दिवशी तुरुंगाच्या दारात तुझी अक्का उभी असेल. मलाही आत ठेवलं तर आपल्याला भेटायला एकटी आईच उरते, आणि ती येईल का नाही, हे उद्या तू तिला काय सांगतोस त्यावर आहे.

तुझी अक्का