तीन दातांची लागवड

ती. अक्कास,

चोपड्याहून अभिमनचा तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. देवपूरचा जिना गुडघे अजून चढू देतात ना? दाजींची साखर आवरली का? (माझ्याकडे आले की आवरत नाही, म्हणून विचारलं.)

येत्या रविवारी समीक्षाचा साखरपुडा. फोटोत मधोमध उभं राहून तोंडभर हसायचं, असं मी नातीला वचन दिलंय. दोन वर्षांपूर्वी केळीचा घड उतरवताना दांडा तोंडावर बसला, पुढचे तीन दात गेले, आणि तेव्हापासून मी रुमालाआड हसतो, हे तू पाहतेसच. (केळीनेच दात पाडावेत आणि पुढे केळीच तेवढी धड खाता यावी, हे साऱ्या तालुक्यात माझ्याच नशिबी.)

तर अक्का, दहा दिवसांपूर्वी मी पक्के दात रोवून घेतले! अख्ख्या गल्लीत पहिला. जळगावच्या डॉक्टर दिपमालाबाईंनी आधी फोटो काढून हाड पाहिलं. म्हणाल्या, या वयात एवढं भरीव हाड क्वचित दिसतं. (हे दाजींना मोठ्याने वाचून दाखव.) मग हिरडी बधिर करून चिरली, हाडात आधी बारीक भोक, मग त्याहून जरा मोठं, असं टप्प्याटप्प्याने पाडलं. हाड तापू नये म्हणून वरून पाणी चालूच. मी उघड्या तोंडानेच खुणावलं, बाई, हे तर आमचं ठिबक! मग टायटेनियमचे तीन स्क्रू पिळून बसवले, वर टाके घातले. दोन स्क्रूंमधलं अंतरही मी विचारून घेतलं. असा पेशंट पाहिला नाही, म्हणाल्या. (कौतुकानेच म्हणाल्या असणार.)

त्याच संध्याकाळी सोनगीरच्या व्याह्यांना, पंडितरावांना, फोन लावला, की रविवारी तुमच्यासमोर दातांनी ऊस सोलून खाणार. पंडितराव गारच झाले. बोअरमध्ये मोटर सोडली की त्याच दिवशी पाणी येतं, तसंच हे असणार, असा माझा हिशेब. आज वडील असते तर त्यांनी पाठ थोपटली असती, असं मला खरोखर वाटतं.

लहानथोरांना माझी आठवण सांग.

तुझा धाकटा,
अभिमन

ता. क. दात अजून बसलेले नाहीत. काल टाके काढताना बाई म्हणाल्या, हाडाने स्क्रू धरायला तीन-चार महिने लागतात, दात त्यानंतर. (लागवडीच्या दुसऱ्या दिवशी घड येत नाही, हे त्या सांगत होत्या, तेही मला!) दिवाळीत तुझ्याकडे माझी काढघालीची, हसलो की निसटणारी जुनी कवळी मी मोठ्या तोऱ्यात "आता पक्केच दात घेणार, ही फेकून दे" म्हणून ठेवून आलो होतो. फेकली नसशील तर पत्र आणणाऱ्या भूषणकडे दे. बाई ती घासूनपुसून रविवारपुरती बसवून देणार आहेत. फोनच केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर.

आणखी ता. क. समीक्षाने मागे उभं राहून सगळं वाचलं. म्हणाली, "आबा, माले फोटोमा तुम्ही जोयजे, दात नही." अक्का, मला रडू आलं, आणि रुमाल न घेताच हसलोही. तरी कवळी पाठवच. पंडितरावांनी ऊस स्वतः निवडून ठेवलाय, असा निरोप आलाय.