चावी दिलेले घड्याळ

चिखली, ता. ४ फेब्रुवारी १९७८

चि. निवृत्ती यास आशाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू लिहिलेले पिक्चर इथल्या टॉकीजला लागले. पडद्यावर तुझे नाव आले तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. पुढे मात्र हात मांडीवरच राहिले. पार्सलातून बॉम्ब पाठवणारा तो घड्याळजी तू कुठून आणलास, हे चिखलीत कोणाला सांगावे लागले नाही. घड्याळ कानाशी धरून डोळे मिटायचे, आणि पूर्ण चावी दिल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचे नाही. अरे, हे तर आपले अब्दुल गनीभाई, तुझ्याच बाकावर शिकलेले!

लोक दुकानापुढून तोंडाने टिकटिक करत जातात. आठ दिवसांत एक घड्याळ दुरुस्तीला आले नाही. सुगराबीभाभी माझ्याजवळ रडल्या. गनीभाई मात्र हसून म्हणाले, की निवृत्तीनं मले याद तं ठेवलं. लिहिण्यात शहाणा नि वागण्यात खुळा आहेस. एकदा ये आणि चार लोकांदेखत त्यांच्या दुकानात बैस.

वाट पाहणारी,
ताई


मुंबई, ता. १२ फेब्रुवारी

ती. आशाताईस शि. सा. न. वि. वि.

तू फार मनाला लावून घेतेस. इथे दोन तट पडले आहेत. एका वर्तमानपत्राने पिक्चर धाडसी म्हटले, दुसऱ्याने बंदी मागितली, हे लोकांना बॉम्ब शिकवते म्हणे! पण शिव्या देणाऱ्यांनीही घड्याळजी अगदी खरा वाटतो असे लिहिले आहे. गनीला वाचून दाखव, खूष होईल. लोक चार दिवसांत विसरतात.

येणे जमत नाही, २६ तारखेला माझा सत्कार आहे. बाबांचे गजराचे घड्याळ त्याच्याकडे पडून आहे, ते भाषणाच्या वेळी टेबलावर ठेवीन म्हणतो. पोस्टाने पाठवायला सांग.

रागावलीस तरी तुझाच,
निवृत्ती


चिखली, ता. २२ फेब्रुवारी

निवृत्ती, आशीर्वाद मागाहून.

तुझा निरोप ऐकून गनीभाईंना कोण आनंद झाला! त्यांनी घड्याळ दुरुस्त केले, खोक्यात कापूस भरला, वरून कापड शिवून तुझे नाव घातले. आणि सवयीप्रमाणे पूर्ण चावी दिली. मी तिथेच होते, माझ्याही डोक्यात आले नाही.

पोस्टातल्या कारकुनाने पार्सल कानाशी नेले आणि ओरडत बाहेर पळाला. त्याच्यामागे सगळे पळाले. आत एकटे गनीभाई, पडून फुटू नये म्हणून पार्सल उराशी धरून उभे. पोलिसांनी ते पाण्याच्या टाक्यात बुडवले आणि त्यांना कोठडीत घातले. फौजदाराने विचारले तेव्हा म्हणाले, की बंद घड्याळ कोनाच्या हाती कसं देऊ, साहेब. हेच वाक्य तुझ्या पिक्चरमध्ये आहे, निवृत्ती! फौजदाराने पिक्चर पाहिले होते.

दोन दिवसांनी पार्सल उघडून त्यांना सोडले. पण दुकानाच्या दाराला कोणी डांबर फासले आहे. मी हात जोडते. तो सत्कार जळो मेला, तू ये. माझ्याच्याने त्या माणसाच्या तोंडाकडे बघवत नाही.

ताई


चिखली, ता. २६ फेब्रुवारी

दोस्त निवृत्तीले गनीचा सलाम.

तू सत्कार सोडून येऊन राह्यला, अशी तार ताईनं दाखवली. बरं वाटलं. पन तू पोचशीन तवा मी इथं नसन. दुकान खाली केलं. वडनेरले सुगराबीच्या भावाचं वावर हाये, तिकडं जाऊन राह्यलो. लोकाइले तू काय सांगशीन? जे सांगशीन त्याले ते पिक्चरच म्हनतीन.

तुयावर राग नाही, बे. पन मले एक डाव इचारलं असतं तं मी हो म्हनलो असतो, हे मनातून जात नाही.

बाबांच्या घड्याळात पानी गेलं होतं. पुन्हा खोललं, पुसलं, तेल देलं. आता बराबर हाये. ताईपाशी ठेवलं. कानाशी धरलं, चावीवर हात गेला, अन् मले भेव वाटलं. अठ्ठावीस वर्साच्या धंद्यात पह्यल्यांदा बंद घड्याळ देऊन राह्यलो. चावी तू दे.

होती तेवढी दोस्ती राहू दे.

तुया,
गनी