कागदावरचा पीसीओडी

मंगळवार, संध्याकाळ. दिंडोशी.

अजून डोकं तापलंय. गर्भनिरोधक गोळ्यांचा माझा क्लेम ऑफिसच्या इन्शुरन्सवाल्यांनी परत पाठवला. शेरा काय, तर 'आजार नाही'.

एचआरचा मंदार हसत म्हणाला, "अगं, डॉक्टरकडून पीसीओडी लिहून आण ना. सगळ्या तेच करतात. लगेच पास!"

"पण मला पीसीओडी नाहीये."

"कागदावर असू दे ना यार. तुझं लग्न पण नाही झालंय. पीसीओडी बरं दिसतं."

म्हणजे खरं बोलले तर वाट लागली, खोटा आजार दाखवला तर झकास! आमच्या फ्लोअरवर कागदोपत्री एकही मुलगी धड नाही. आणि याच मंदारचा केसगळतीचा क्लेम पास झालाय. त्याचं टक्कल आजार, आणि माझं काय, हौस?

घाबरले का मी? हो, थोडी. सगळ्यांना कळणार. तरी नवा फॉर्म घेतला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'मला आत्ता मूल नकोय.' आजार नाही? करेक्ट, नाहीच आहे!

पॅन्ट्रीतल्या सुलभाताई चहा ठेवताना ते वाचत उभ्या राहिल्या. त्यांनाही हाच इन्शुरन्स. वाटलं, आता ओरडणार. तर त्यांनी खुर्चीच ओढली. कॉपर-टी बसवली होती म्हणे, पण लाजेने क्लेम भरलाच नव्हता.

"माझो पण फॉर्म भर गो. खरा काय ताच लिही."

उद्या मंदारच्या टेबलावर दोन फॉर्म. आजार नाही. दोघींनाही.