कापण्याआधीचा एक दिवस

शिरवळ,
दि. ९ नोव्हेंबर २०२५

वजीर, गड्या,

सलाम. दिलशादवहिनींना नमस्कार. आम्ही ठीक आहोत. माझा गुडघा आणि आमच्या पोराची, विश्वजीतची नोकरी, दोन्ही कशीबशी चालली आहेत. दीड वर्ष झालं, तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. मी फौजेत होतो तेव्हा कवठ्याहून आईची पत्रं तूच लिहून धाडायचास. तिला अक्षर येत नव्हतं आणि तुला गप्प बसता येत नव्हतं. शेवटी तिचं ठरलेलं वाक्य असायचं, ‘खोलीत अंथरूण घालून ठेवलंय, ये.’ त्याखाली तुझी पुस्ती : ‘काकूनं खरंच घातलंय, मी बघून आलो.’

काम असं आहे. वरच्या चारही भाड्याच्या खोल्यांची कार्पेटं बदलायची म्हणतोय. तेच आपलं रोलवरचं, प्लास्टिकचं. कंपनीतली पोरं खोलीतच स्वयंपाक करतात, लोखंडी कॉट ओढतात, ओल्या पायांनी फिरतात. दोन वर्षांत कडा वर वळतात आणि खाली ओल धरते. काल साताऱ्याला दुकानात गेलो. दुकानदारानं एकावर एक रोल उलगडले, लाकडासारखे, फरशीसारखे, एक तर चक्क हिरवळीसारखा. भाड्याची खोली आहे म्हटल्यावर तो म्हणाला, “मग गडद घ्या काका, डाग दिसत न्हाईत.”

सांगलीत तीस वर्षं हाच धंदा करून तू तरी वेगळं काय सांगायचास? भाडेकरूला गडद, घरच्याला फिकं. मी एका फिक्या रोलवर हात ठेवून उभा राहिलो आणि काहीच न घेता परत आलो.

तू आणलंस ते फिकंच होतं.

तुझ्या सबाला तेव्हा इथल्या औषधाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. तुमच्याकडं सगळेच नको म्हणत होते. वहिनी तर हटूनच बसल्या होत्या. माझ्या, नाथाजीच्या घरी राहणार असेल तरच, एवढ्यावर त्या राजी झाल्या. मी फोनवर मोठ्या तोंडानं म्हणालो, आपलीच खोली आहे, धाड पोरीला. आठ दिवसांनी मीच म्हणालो, जरा थांब, खोलीत कार्पेटचं काम राहिलंय.

मला वाटलं, तू काय ते समजशील. अरे, पण जन्मभर कार्पेट विकलेल्या माणसाला मी कार्पेटची सबब सांगितली! तिसऱ्या दिवशी तू खांद्यावर रोल घेऊन दारात. एसटीच्या कंडक्टरशी भांडून आणला होतास. म्हणालास, “कार्पेटापायी माझ्याच पोरीचं अडलं तर लोक हसतील की रं मला. आन फिकं आणलंय. पोरगी राहणार हाय, खोलीत उजेड पायजे.”

रोल उलगडून एक दिवस तसाच पडू द्यायचा, त्याचा पीळ गेला की मगच कापायचा, ही तुझी रीत. म्हणून तू मुक्काम केलास. तुझ्या संयोगितावहिनीनं भाकरी आणि वांगं केलं होतं. टेबल खिडकीपाशी ठेवायचं, म्हणजे पोरीला वाचायला बरं, असं तू सांगत होतास आणि मी मान हलवत होतो. दुपारपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तू माझ्यासमोर होतास. तेवढ्या वेळात बोललो असतो तर रोल गुंडाळून परत नेता आला असता, दुसऱ्या कुणाच्या खोलीला लागला असता. सकाळी तू गुडघ्यांवर बसलास, भिंतीच्या कडेनं ब्लेड चालवलंस, कपाटाच्या खाचेत तुकडा बरोबर बसवलास. मी कात्रणं गोळा करत होतो. एकदा कापलं की ते त्याच खोलीचं.

दहा दिवसांनी मी फोन केला, की खोली सासुरवाडीच्या पाहुण्याला द्यावी लागली. तू म्हणालास, “बरं. फिनाईलनं पुसू नगंस, रंग जातोय.”

संयोगिताला मी सांगितलं, विश्वजीतला पसंत नव्हतं. ते खरं नाही. त्यानं एकदाच विचारलं होतं, “आण्णा, गल्लीतली लोकं काय म्हणतील?” मी गल्लीत कुणाला विचारलंही नाही. सगळ्यांची उत्तरं माझी मीच देऊन टाकली. तू मुसलमान आहेस हे मला पन्नास वर्षांत पहिल्यांदा तेव्हा आठवलं, वजीर. आणि एवढं लिहायला मला दोन पानं लागली.

नोकरी काही सबासाठी थांबली नाही, हातची गेली. सबाचं लग्न विट्याला झाल्याचं संयोगिताला कुणीतरी सांगितलं. पत्रिका आली नाही, येणार तरी कशी? पोरीनं कामावर घालायला पांढरा कोट आधीच शिवून घेतला होता म्हणे. हे ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही.

आता पत्र का लिहितोय ते सांगतो. तो पाहुणा दिवाळीत खोली सोडून गेला. तुझ्या कार्पेटावर इस्त्रीचा एक डाग आहे, बाकी ते जसंच्या तसं आहे. सोमवारी एक मुलगी खोली बघायला आली, हायवेच्या दवाखान्यात नर्स आहे. बरोबर तिचा भाऊ होता. तिनं चपला दाराबाहेर काढल्या, आत फिरून बघितलं आणि म्हणाली, “लय उजेड हाय काका खोलीत.” मी नाव विचारलं. भावानं अफताब सांगितलं, मग तिनं तिचं. आणि माझ्या तोंडून निघालं, आठ दिवस थांबा, कार्पेटचं काम राहिलंय.

तुझ्याच कार्पेटावर उभा राहून बोललो मी हे. तिनं एकदा खाली बघितलं, भावाकडं बघितलं आणि चपला घातल्या.

काल साताऱ्याला गेलो तो ते खोटं खरं करायला. घरी येऊन तुझं कार्पेट उचकटायला बसलो. एक कोपराही निघाला नाही. तू पक्कं बसवलंयस.

इथं आईचं वाक्य लिहावं म्हणून पेन टेकवलं होतं. पण मी खोटं बोलत नाही हे बघून येऊन खाली पुस्ती घालणारं आता कोण आहे? खोली रिकामी आहे. अंथरूण घातलेलं नाही.

नाथाजी