नऊच्या सुमाराची भूक

॥ श्री ॥
मुलुंड,
ता. ९ जानेवारी १९५६

चि. सौ. वनमाला हिस अण्णाचे अनेक आशीर्वाद.

तुझे कार्ड पोचले. तुझ्या रुक्मिणीवहिनीचे वर्षश्राद्ध नीट पार पडले. तुझ्या सासूबाईंचे दुखणे नेमके त्याच दिवशी उलटले, म्हणून तुला अंधेरीहून निघता आले नाही. त्याचे मनाला लावून घेऊ नकोस. भटजी वेळेवर आले. कुंदाने आईसाठी सगळा स्वयंपाक एकटीने केला. काळ्या वाटाण्यांची उसळ रुक्मिणीला आवडायची, ती मुद्दाम केली होती. कावळा लगेच शिवला. त्याहून जास्त लिहिण्यासारखे माझ्याजवळ नाही.

दुसरी गोष्ट माझ्या प्रकृतीची. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून तपासायला गेलो, आणि निघाला मधुमेह. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले आहे. होळीपर्यंत साखर ताब्यात आली नाही तर रोज सुई टोचावी लागेल म्हणतात. त्यांनी खाण्याचे माप घालून दिले आहे, त्याला कॅलरी म्हणतात. प्रत्येक पदार्थात किती उष्णता असते त्याचा तो हिशेब आहे. भाकरीतली उष्णता कोणी आणि कशी मोजली असेल, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. डॉक्टरांना विचारले, तर ते म्हणाले की तुम्ही फक्त कमी खा.

रोज सकाळी एका निळ्या औषधात लघवीचे थेंब घालून काचेची नळी दिव्यावर उकळायची. रंग निळा राहिला तर उत्तम, हिरवट झाला तर थोडी साखर, विटकरी झाला तर पुष्कळ. माझा बहुतेक विटकरीच होतो. कारण मला माहीत आहे. साडेसातला मी जेवतो. पोट भरलेले असते. आणि नऊच्या सुमारास अशी भूक लागते की बसवत नाही. मग कुंदा झोपली की मी उठून डबे उघडतो. चिवडा, गूळ-खोबरे, हाताला लागेल ते. हे मी तुला सोडून कोणाला सांगितलेले नाही.

आपल्या घरात असे कोणाला होत असे का? बाबांना? तुला आठवत असेल तर कळव. ही भूक येते कुठून, ते मला समजून घ्यायचे आहे.

मुलांना आशीर्वाद. तुझ्या पत्राची वाट पाहतो.

तुझा
अण्णा

॥ श्री ॥
अंधेरी,
ता. १६ जानेवारी १९५६

ती. अण्णास वनमालाचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र वाचून आधी हसू आले, मग वाईट वाटले. मला सोडून कोणाला सांगितले नाहीस म्हणतोस, आणि कुंदाचे पत्र तुझ्या आधी दोन दिवस माझ्या हातात पडले होते. अरे, ती झोपलेली नसते. डब्याचे झाकण निघाले की तिला कळते, आणि सकाळी नळी बघायला तीच उभी असते ना? चोरी करायची तर पितळी डब्यातली करू नये, एवढेही तुला कळत नाही.

आता जरा गंभीरपणे वाच. नागपूरची मंडळी दिवाळीनंतर कुंदाला पाहून गेली. वहिनीचे वर्ष होईपर्यंत आम्ही थांबतो, असे त्यांनी आपणहून सांगितले. मुलगा नंदकिशोर कॉलेजात शिकवतो, स्वभावाने मोकळा आहे, कुंदालाही तो आवडलेला आहे. हे तिने लिहिलेले नाही, पण मला कळते. आता त्यांना पाडव्यापर्यंत उत्तर हवे आहे. आणि तुझी लेक मला लिहिते की अण्णांची नळी निळी झाल्याशिवाय मी मुलुंड सोडणार नाही. आई असती तर गोष्ट वेगळी होती, असेही लिहिते. म्हणजे बघ, पोरीचे लग्न तुझ्या नळीच्या रंगावर अडले आहे. तिला रागावू नकोस. ती तुझ्यासारखीच आहे, बोलणार नाही आणि हलणार नाही.

बाबांना असली भूक कधी लागली नाही. ते आठ वाजता घोरत असत. ही तुझी एकट्याची आहे. तू ताक पिऊन बघ, काकडी खाऊन बघ, जेवल्यावर लगेच दात घासून टाक, तोंडात लवंग धर. आणि सगळे डबे माझ्याकडे पाठवून दे. माझी पोरे तुला महिनाभर दुवा देतील.

सासूबाई आता बऱ्या आहेत. वहिनी गेल्यानंतरच्या वर्षात मी तुझ्याकडे हवे तेवढे आले नाही, हे मनात टोचत असते. माया कमी झाली असे मात्र समजू नकोस.

तुझी
वनमाला

॥ श्री ॥
मुलुंड,
ता. ७ फेब्रुवारी १९५६

चि. सौ. वनमाला हिस आशीर्वाद.

कुंदा माझ्यासाठी अडून बसली आहे हे मला ठाऊक नव्हते. मी तिला रागावलो नाही.

तू सांगितलेले सगळे उपाय करून पाहिले. ताकाने अर्धा तास निभतो. काकडीने तर भूक अधिकच जागी होते. दात घासले, आणि घासलेल्या दातांनी चिवडा खाल्ला. लवंगेने जीभ पोळली. मग मी म्हटले, आधी ही भूक कशी आहे ते तरी पाहू. एक दिवस डॉक्टरांचे माप बाजूला ठेवून साडेसातला पोटभर जेवलो, भातसुद्धा घेतला. तरी नऊला भूक हजर. दुसऱ्या दिवशी मुद्दाम थोडे जेवलो. तेव्हाही तितकीच लागली, जास्त नाही. म्हणजे जेवण किती झाले याच्याशी तिला काही देणेघेणे नाही. पोटाच्या भुकेने असे वागू नये.

कचेरीत दुपारी डबा उशिरा खाल्ला तर मला काही होत नाही. रविवारी दिवसभर काही होत नाही. फक्त रात्री, आणि घरातली भांडी वाजू लागली की.

एक चमत्कारिक गोष्ट मात्र घडली. शेजारच्या दत्तारामांनी शनिवारी जेवायला बोलावले होते. मी मापाने दोन फुलके आणि भाजी खाल्ली. जेवण झाल्यावर दत्ताराम आणि मी स्वयंपाकघराच्या दाराशीच बोलत बसलो. मालनवहिनी आत जेवत होत्या, त्याही मधून मधून बोलत होत्या. दहा वाजता घरी आलो आणि अंथरुणावर पडल्यावर ध्यानात आले की आज भूक लागलीच नाही. सकाळी नळी हिरवी झाली. कुंदाने ती दोनदा उजेडात धरून पाहिली. मला वाटले त्यांच्या भाजीत काही गुण असेल, म्हणून तीच दुधीची भाजी कुंदाकडून करवून घेतली. उपयोग झाला नाही.

तू हुशार आहेस. तुला यातून काही दिसते का? होळी आता फार लांब नाही.

सर्वांना यथायोग्य सांग.

तुझा
अण्णा

॥ श्री ॥
अंधेरी,
ता. १३ फेब्रुवारी १९५६

ती. अण्णास शि. सा. न. वि. वि.

दुधीची भाजी! अण्णा, तू धन्य आहेस. तुझे पत्र मी रात्री भांडी आवरल्यावर वाचले आणि तशीच बसून राहिले. मला दिसते आहे. तुला कसे दिसत नाही याचेच नवल वाटते.

माझ्या पहिल्या बाळंतपणाला मी तुमच्याकडे होते, आठवते? आई-बाबा गेलेले, तेव्हा वहिनीनेच माझे सगळे केले. मी आतल्या खोलीत बाजेवर पडून असायची आणि तिथून स्वयंपाकघर दिसायचे. तुझे जेवण व्हायचे, तू हात धुऊन ओटीवर जायचास, सुपारी कातरायचास. मग वहिनी मागचे सगळे आवरून नऊच्या सुमारास आपले पान वाढून घ्यायची. ती बसली की तू आत येऊन तिच्यासमोर पाटावर बसायचास. दिवसभर ज्याच्या तोंडातून शब्द निघत नाही तो माणूस तेव्हा बोलायचा. कचेरीतला साहेब काय म्हणाला, कोणाची बढती झाली, सगळे. आणि बोलता बोलता तुझा हात तिच्या पानात जायचा. भाकरीचा पापुद्रा, बांगड्याचा तुकडा, भाताची खरवड. तुझे लक्षही नसायचे.

आम्ही बायका नवऱ्याच्या पानात जेवतो, तुमच्या घरात उलटी गंगा. मी एकदा वहिनीला म्हटले की हा तुला उपाशी ठेवील. तर ती हसली. म्हणाली, मी आधीच भाकरी जास्त घेते, त्यातली अर्धी त्यांची. त्यांच्या पानात वाढली तर पोट भरले म्हणून हात आडवा करतात, माझ्यातली मात्र खातात. आणि कोणाला सांगू नका म्हणाली, त्यांना कळले तर लाजून यायचे बंद होतील. मी आजवर सांगितले नाही. आता ती रागावणार नाही असे वाटते.

तू इतकी वर्षे रात्री दोनदा जेवत होतास, अण्णा.

एक विचारते. कुंदा हल्ली जेवते तेव्हा तू कुठे असतोस?

उत्तराची घाई करू नकोस. पण होळी विसरू नकोस.

तुझी
वनमाला

॥ श्री ॥
मुलुंड,
ता. २ मार्च १९५६

चि. सौ. वनमाला हिस आशीर्वाद.

तुझ्या पत्राला लगेच उत्तर लिहायला बसलो होतो. मग ठरवले, आधी करून पाहावे आणि मग लिहावे.

कुंदा जेवते तेव्हा मी ओटीवर असतो. रुक्मिणी गेल्यापासून मी स्वयंपाकघरात बसलेलो नाही. तिथे माझे काही काम नाही असे मला वाटत होते.

तुझे पत्र आले त्या रात्री भांडी वाजली तसा उठून आत गेलो. कुंदा ओट्याला टेकून उभ्यानेच ताकभात खात होती. वाटीत चार घास असतील. मला पाहून दचकली, तिला वाटले मी डब्यासाठी आलो. मी पाट घेऊन बसलो आणि तिलाही बसायला सांगितले. रोज इतकेच खातेस का, असे विचारले. ती म्हणाली की एकटीला पान वाढून घ्यावेसे वाटत नाही. तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहिले. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सरत होत्या. मी माझी नळी पाहत होतो, तीही माझीच नळी पाहत होती. तिच्याकडे कोणी पाहत नव्हते.

मग तिला तुझे पत्र वाचायला दिले. ती रडली, आणि शेवटी दुधीच्या भाजीवरून हसली.

आता असे ठरवले आहे. साडेसातच्या माझ्या जेवणातली अर्धी भाकरी आणि थोडी भाजी बाजूला ठेवायची. ती नऊला कुंदाच्या पानात जाते. ती तिची पुरती भाकरी घेते आणि वर माझी अर्धी. मी समोर बसतो. डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, एकूण माप तेवढेच असेल तर दोनदा खायला हरकत नाही. कारण मी त्यांना सांगितले नाही. भूक नऊला येते, पण आता ती अर्ध्या भाकरीत समाधान मानते. कधी कधी बोलण्याच्या नादात तीही उरते.

नळी या आठवड्यात चारदा निळी राहिली. सुई नको, असे डॉक्टर काल म्हणाले. डबे कुंदाने तुझ्या पोरांसाठी बांधून ठेवले आहेत.

काल मीच नागपूरचा विषय काढला. ती म्हणाली, मी गेल्यावर तुमच्यासमोर कोण बसेल? मी म्हटले, ते मला माहीत नाही. पण ही भूक कुठली आहे ते मला कळत नव्हते, तोवर मी तिला भीत होतो. आता ओळखीची झाली आहे. ओळखीच्या माणसाला घरात एकट्याने वागवता येते. मग कुंदा स्वतःच आत जाऊन नागपूरचा पत्ता घेऊन आली.

तू ये. यादीपासून सगळे तुलाच बघायचे आहे. वाट पाहतो.

तुझा
अण्णा

॥ श्री ॥
नागपूर,
ता. २४ जून १९५६

ती. अण्णांस कुंदाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र पोचले. नळी निळी आहे हे वाचून बरे वाटले, पण खरे लिहिता ना? वनमालाआत्याला मी तपास करायला सांगितले आहे. अर्धी भाकरी रुमालात बांधून तुम्ही दत्तारामकाकांच्या दाराशी जाऊन बसता, आणि तुमचे बघून आता काकाही मालनकाकूंच्या पानात हात घालू लागले, हे वाचून मी एकटीच हसत होते. काकू त्यांना ओरडतात म्हणता, पण भाकऱ्या जास्त थापू लागल्या असतील. नीट बघून कळवा.

इथे सगळे चांगले आहेत. उन्हाळा मात्र विचारू नका. सासूबाई माया करतात. भाजीत तिखट एवढे असते की पहिल्या आठवड्यात माझ्या डोळ्यांतून पाणी यायचे आणि त्यांना वाटायचे मला माहेरची आठवण येते. दोन्ही खरे होते.

इथेही सगळ्यांची जेवणे झाल्यावर माझे पान होते. सासूबाई लवकर झोपतात. पहिले काही दिवस मी उभ्यानेच खाऊन घेत असे. मग मला तुमचा पाट आठवला. एके दिवशी ह्यांना सांगितले की मला एकटीला जेवायला आवडत नाही, समोर येऊन बसा. ते पुस्तक घेऊनच आले. दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटलेले होते. परवा कॉलेजातल्या कोणाची तरी नक्कल करता करता त्यांनी माझ्या पानातला भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला. त्यांना कळलेसुद्धा नाही.

कालपासून एक भाकरी जास्त वाढून घेते.

अण्णा, हे आत्याला सांगा, पण ह्यांना पत्र लिहाल तेव्हा त्यात लिहू नका. तुमच्या आशीर्वादाची सावली इथवर पोचू दे.

तुमची
कुंदा